देवाची सार्वभौम दया आणि अनर्जित कृपा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती विश्वासात ‘कृपा’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की त्याची धार बोथट होण्याचा धोका असतो. प्रेषितांच्या पत्रांच्या आरंभी तो येतो, आशीर्वादात येतो, आणि ऐकणारा न थांबता पुढे सरकतो. मात्र त्याच्या शेजारी ‘सार्वभौम’ हे विशेषण ठेवले की तोच श्रोता थबकतो. देव आपल्या मर्जीने दया करतो असे म्हटल्यावर ती मर्जी माझ्याविषयी काय असेल, ही शंका मनात डोकावतेच. पुढील उत्तरे त्या शंकेला धरून लिहिली आहेत.

दया आणि कृपा यांत नेमका फरक काय?

बोलण्यात आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि त्यात फारसे बिघडत नाही. तरीही दयेची नजर माणसाच्या दैन्याकडे असते, तर कृपेची नजर त्याच्या अपात्रतेकडे. संकटात सापडलेल्याला पाहून हेलावणे ही दया. ज्याचा काहीच हक्क नाही त्याला भरभरून देणे ही कृपा. बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू भाषेत यासाठी किमान तीन महत्त्वाचे शब्द आहेत. ‘हेन’ म्हणजे वरिष्ठाची प्रसन्न दृष्टी. ‘रहामीम’ म्हणजे कळवळा; आईच्या उदरासाठी असलेल्या हिब्रू शब्दाशी त्याचे नाते आहे. आणि ‘हेसेद’ म्हणजे करार पाळणारे, समोरच्याने मोडला तरी न आटणारे प्रेम. नव्या करारातील ग्रीक भाषेत ‘एलेओस’ म्हणजे दया आणि ‘खारिस’ म्हणजे कृपा. नव्या करारातील अनेक पत्रांचा लेखक प्रेषित पौल याच्या लेखनात ‘खारिस’ला विशेष वजन आहे, कारण ‘मोबदला’ या कल्पनेच्या नेमका विरुद्ध अर्थ तो त्या शब्दात भरतो. रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात तो स्पष्ट म्हणतो की जे कृपेने आहे ते कर्मांनी नाही. तसे नसते तर कृपा ही कृपाच राहिली नसती.

‘सार्वभौम दया’ म्हणजे काय? हा विचार कोठून आला?

या विचाराचे मूळ जुन्या करारातील निर्गम पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात आहे. ज्याच्यावर मी कृपा करू इच्छितो त्याच्यावर कृपा करीन आणि ज्याच्यावर दया करू इच्छितो त्याच्यावर दया करीन, असे परमेश्वर तेथे इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला सांगतो. हे वाक्य संदर्भातून सुटे काढले तर दार लावून घेतल्यासारखे वाटते, आणि दुर्दैवाने ते पुष्कळदा तसेच वाचले जाते.

पण ते कधी उच्चारले गेले, हे पाहावे. इस्राएल लोकांनी नुकताच सीनाय पर्वताच्या पायथ्याशी करार स्वीकारला होता. मोशे पर्वतावर असतानाच त्यांनी सोन्याचे वासरू घडवून त्याची पूजा केली. खाली उतरलेल्या मोशेने आज्ञा कोरलेल्या दोन्ही दगडी पाट्या फोडल्या. लग्नाची हळद उतरण्यापूर्वीच विश्वासघात व्हावा, तसा हा प्रसंग होता. ज्या कराराच्या आधारे लोकांनी काही मागावे, तो करारच त्यांनी मोडला होता. अशा वेळी मोशे परमेश्वराचे तेज पाहण्याची विनंती करतो, आणि त्या विनंतीच्या उत्तरात हे वाक्य येते. त्यानंतर लगेच, ३४व्या अध्यायात, परमेश्वर स्वतःचे नाव घोषित करतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेने व सत्याने परिपूर्ण. पाट्याही दुसऱ्यांदा कोरल्या जातात.

म्हणून दया सार्वभौम आहे याचा पहिला अर्थ असा की ती आपल्या पात्रतेने मिळत नाही आणि म्हणूनच आपल्या अपात्रतेने अडतही नाही. दयेचे कारण माणसात असते, तर वासराच्या प्रसंगानंतर ते कारण संपले होते. कारण देवामध्ये होते, म्हणून ते लोक वाचले. माझ्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली या एका प्रसंगात आहे, आणि सार्वभौमत्वाविषयीची बरीच भीती तो प्रसंग विसरल्यामुळे निर्माण होते.

याचा अर्थ देव मनमानी करतो, असा होत नाही का?

मनमानी करणाऱ्याच्या कृतीला त्याच्या लहरीपलीकडे काही आधार नसतो. देवाचे स्वातंत्र्य मात्र त्याच्या स्वभावाचे स्वातंत्र्य आहे. तो स्वतःला सोडून वागू शकत नाही. त्याच्यावर बाहेरून कोणाचा दबाव नसतो, एवढाच सार्वभौमत्वाचा दावा आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. पहाटे आलेल्या मजुरांशी धनी दिवसाचा एक दिनार ठरवतो, आणि दिवस संपण्यापूर्वी केवळ एक तास काम केलेल्यांनाही तेवढेच देतो. पहाटेचे मजूर कुरकुर करतात. धनी त्यांचा एकही पैसा बुडवत नाही. ठरलेले त्यांना मिळते. त्यांची तक्रार स्वतःच्या मजुरीविषयी नसून दुसऱ्याला मिळालेल्या औदार्याविषयी आहे. येशूने हा दाखला ऐकणाऱ्यांना जरा अस्वस्थ करण्यासाठीच सांगितला असावा, कारण आपण सर्व जण स्वतःला आपोआप पहाटेच्या मजुरांत धरतो.

कृपा पूर्णतः अनर्जित आहे, तर विश्वास ही तरी माझी कमाई नाही का?

नाही. इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले, असे म्हटले आहे. ‘विश्वासामुळे पात्र ठरून’ असे नव्हे. तहानलेला माणूस ओंजळ धरतो तेव्हा पाणी ओंजळीत येते, पण ओंजळ पाणी निर्माण करत नाही आणि पाण्याची किंमतही चुकती करत नाही. शिवाय ओंजळ धरायची तर हात रिकामे असावे लागतात. लूकच्या १८व्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, मंदिरात आला तेव्हा त्याचे हात उपासांनी आणि दशांशांनी भरलेले होते. लोक पापी समजत अशा जकातदाराकडे ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच शब्द होते, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात पौल विचारतो की जे तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे? हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याला (३५४–४३०) या एका प्रश्नाने आपले आधीचे मत बदलायला लावले. विश्वासाची सुरुवात तरी माणसाची स्वतःची असते, असे तो पूर्वी मानत होता; या वचनापुढे ते मत टिकत नाही, हे त्याने उतारवयात मोकळेपणाने लिहून ठेवले.

देव नुसती दया करतो, तर न्यायाचे काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा खरा अन्याय असतो, म्हणून त्याला घाईने उत्तर देऊ नये. ज्याचे नुकसान झाले त्याला ‘झाले गेले विसर’ असे सांगणारी दया ही दया नव्हेच. वर उल्लेखिलेल्या निर्गमच्या ३४व्या अध्यायातही क्षमेच्या घोषणेला लागूनच अपराधी माणसाची मुळीच गय न करण्याची भाषा आहे. दोन्ही विधाने एकाच श्वासात आहेत, आणि जुन्या करारात हा ताण शेवटपर्यंत राहतो.

नव्या कराराचे उत्तर वधस्तंभ हे आहे. रोमकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या मरणात देवाने आपले नीतिमत्त्व प्रकट केले, ज्यायोगे त्याने स्वतः नीतिमान असावे आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवावे. म्हणजे पापाचा हिशेब फाडून फेकला गेला नाही. तो देवाने स्वतःच्या अंगावर घेतला. कृपा घेणाऱ्याला फुकट मिळते, देणाऱ्याला ती फुकट पडलेली नाही. वधस्तंभावर नेमके काय घडले याची मांडणी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) एकाहून अधिक प्रकारे झाली आहे. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने ११व्या शतकाच्या अखेरीस ती देवाच्या सन्मानाच्या भरपाईच्या अंगाने केली, १६व्या शतकातील धर्मसुधारकांनी दंड स्वतःवर घेण्याच्या अंगाने, तर पूर्वेकडील मंडळीने मृत्यूवरील विजयाच्या अंगाने. पण पुढाकार देवाचा होता, याविषयी त्यांच्यात मतभेद नाही.

एसाव आणि फारो यांचे काय? रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय फार कठोर वाटतो.

तो कठोर वाटतो हे मान्य करूनच पुढे जावे. त्याला गोड करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एसाव व याकोब ही जुळी मुले जन्माला येण्यापूर्वी, त्यांनी बरेवाईट काही करण्यापूर्वी, देवाने याकोबाला निवडले असे पौल सांगतो. इस्राएल लोकांना गुलामीतून जाऊ न देणारा मिसरचा राजा फारो याचे उदाहरण देऊन तो म्हणतो की देव इच्छेस येईल त्याच्यावर दया करतो आणि इच्छेस येईल त्याला कठीण करतो. यावर ऐकणारा कोणता आक्षेप घेईल हेही त्याला ठाऊक आहे, आणि तो आक्षेप तो स्वतःच मांडतो.

तीन गोष्टी लक्षात घेतल्या तर वाचन अधिक न्याय्य होते. पहिली फारोविषयी. मन कठीण करण्याचा इशारा परमेश्वराने मोशेला आधीच दिला होता, हे खरे. परंतु निर्गम पुस्तकातील मिसरवरच्या पीडांच्या प्रत्यक्ष वर्णनात पहिल्या पाच पीडांच्या वेळी फारोचे मन कठीण झाले किंवा त्याने ते कठीण केले, असे शब्द आहेत. परमेश्वराने ते कठीण केले, असे सहाव्या, म्हणजे गळवांच्या पीडेच्या वेळी प्रथम म्हटले आहे. कोवळे, नम्र मन देवाने दगड करून टाकले, असे चित्र तेथे नाही.

दुसरी गोष्ट पौलाच्या शब्दांची. २२व्या व २३व्या वचनांत दयेची पात्रे, म्हणजे ज्यांच्यावर दया होते ती माणसे, देवाने पूर्वीच सिद्ध केली, असे कर्ता सांगून म्हटले आहे; क्रोधाची पात्रे मात्र नाशासाठी ‘सिद्ध झालेली’ आहेत, आणि ती कोणी सिद्ध केली हे तेथे सांगितलेले नाही. अनेक टीकाकारांनी या फरकाला महत्त्व दिले आहे. हा फरक सगळे कोडे सोडवतो असा माझा दावा नाही, पण तो मजकुरात आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ९वा अध्याय ९व्या अध्यायात संपत नाही. तो युक्तिवाद ११व्या अध्यायापर्यंत चालतो आणि त्याचे शिखर ३२व्या वचनात आहे: देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवले आहे. ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती किती यावर वाद आहेत, पण पौलाचा युक्तिवाद दयेच्या दिशेने चालला आहे हे कोणी नाकारू शकत नाही. आणि तो तेथे सिद्धांत मांडून थांबत नाही. देवाचे निर्णय किती गहन आहेत, असे म्हणत तो स्तुती करू लागतो.

मग माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला काही अर्थ उरतो का?

मंडळीच्या इतिहासात इतका प्रदीर्घ वाद क्वचितच दुसरा झाला असेल. ५व्या शतकाच्या आरंभी पेलागियस या तपस्व्याने असे शिकवले की देवाने आज्ञा दिल्या आहेत त्या अर्थी माणूस त्या पाळू शकतो. त्यात नैतिक कळकळ होती, पण ऑगस्टिनने दाखवून दिले की अशाने कृपा ही केवळ चांगली शिकवण आणि चांगले उदाहरण एवढीच उरते. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसची मते अमान्य केली. ५२९ साली ऑरेंज येथील धर्मसभेने आणखी पुढे जाऊन सांगितले की विश्वासाची पहिली ओढसुद्धा कृपेचे फळ आहे. आणि त्याच वेळी, देवाने कोणाला दुष्टतेसाठी पूर्वनियोजित केले आहे, हे मत तिने ठामपणे धिक्कारले. या सभेच्या निर्णयांची आठवण अधिक ठेवली जायला हवी होती.

धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न पुन्हा पेटला. १५२४ साली डच विद्वान इरास्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि १५२५ साली जर्मन धर्मसुधारक लूथरने त्याला प्रत्युत्तर दिले. पुढे नेदरलँड्समध्ये ईश्वरविज्ञानी आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमे मांडली. देव ज्यांचा विश्वास आधीच जाणतो त्यांना निवडतो आणि कृपेचा प्रतिकार करता येतो, असा त्यांचा आशय होता. डॉर्ट्रेख्ट येथील १६१८–१६१९च्या धर्मसभेने ती फेटाळून निवड बिनशर्त असल्याचे घोषित केले. १८व्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने मधला मार्ग सुचवला: माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, पण प्रतिसाद देण्याची शक्ती परत देणारी एक पूर्वगामी कृपा देव सर्वांनाच देतो. कॅथॉलिक मंडळीतही याच प्रश्नावर डॉमिनिकन आणि येशूसंघीय या दोन संन्यासी संघांत इतका तीव्र वाद झाला की १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कोणाच्याच बाजूने निर्णय न देता तो थांबवला.

माझा कल कोणीकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पहिले पाऊल देवाचे असते आणि ते परिणामकारक असते, असे मी मानतो, कारण योहानाच्या ६व्या अध्यायात येशू म्हणतो की पित्याने आकर्षिल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही. परंतु आकर्षिणे म्हणजे फरफटत नेणे नव्हे. ज्याच्यावर प्रेम जडले त्याच्याकडे माणूस जातो तेव्हा तो ओढलाही गेलेला असतो आणि स्वेच्छेनेही जातो. त्यात विरोध आहे असे त्याला स्वतःला कधी वाटत नाही.

कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांची शिकवण वेगळी आहे का?

भर वेगळा आहे, आणि काही ठिकाणी फरकही खरा आहे. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने सांगितले की कृपा माणसाला आतून नीतिमान बनवते आणि त्या कृपेने केलेल्या सत्कृत्यांना पुण्यमूल्य असते. लूथर व कॅल्व्हिन या धर्मसुधारकांच्या मते नीतिमान ठरण्याचा आधार केवळ ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आहे. ऑर्थोडॉक्स मंडळी देवाच्या कृपेशी माणसाच्या सहकार्यावर आणि देवाच्या जीवनात सहभागी होण्यावर भर देते. मात्र ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथेरन जागतिक संघ आणि कॅथॉलिक मंडळी यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे त्यात दोघांनी मिळून कबूल केले. २००६ साली मेथडिस्ट मंडळ्या त्यात सामील झाल्या.

सर्व काही कृपेनेच आहे, तर पाप करत राहायला काय हरकत आहे?

पौलालाही हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात त्याने ‘कदापि नाही’ असे उत्तर दिले. जी शिकवण ऐकून कोणाच्याही मनात हा प्रश्न येत नाही, ती बहुधा पौलाची शिकवण नसते. पण कृपा म्हणजे शिक्षा टाळण्याचा परवाना नव्हे. ती माणसाला एका सत्तेखालून दुसऱ्या सत्तेखाली नेते. ज्या पापातून सोडवले त्याच पापात राहण्याची मुभा मागणे म्हणजे बेडी तुटल्यावर ती जपून ठेवण्याची परवानगी मागणे. जर्मन ईश्वरविज्ञानी डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ असा शब्दप्रयोग करून याच विकृतीवर बोट ठेवले होते.

मग नव्या करारातील पत्र लिहिणारा याकोब कर्मांवर इतका भर का देतो?

कारण त्याच्यासमोरचा रोग वेगळा आहे. कर्मांनी देवाला ऋणी करू पाहणाऱ्याला पौल थांबवतो. विश्वासाच्या नावाखाली उपाशी भावाला रिकाम्या हाती पाठवणाऱ्याला याकोब थांबवतो. इफिसकरांस पत्राच्या त्याच २ऱ्या अध्यायात पौलही पुढे म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. झाड फळांमुळे जिवंत होत नाही, पण जिवंत झाडाला फळ येते.

जन्मभर दुष्टपणा करून शेवटच्या क्षणी पश्चात्ताप करणाऱ्यालाही क्षमा मिळते का?

होय. आपल्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला येशूने ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे म्हटले. त्यावर भिस्त ठेवून पश्चात्ताप पुढे ढकलणारा मात्र त्या अपराध्यासारखा नाही. त्या माणसाने कशाचीही योजना आखली नव्हती.

मला कृपा मिळाली म्हणून मी इतरांना क्षमा करण्यास बांधलेला आहे का?

मत्तयाच्या १८व्या अध्यायातील दाखल्यातील आकडे पाहावेत. दासाचे देणे दहा हजार तालांत होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, या हिशेबाने ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, म्हणजे दीड लाखाहून अधिक वर्षांच्या कमाईइतके होते. ‘मला वेळ द्या, मी सर्व फेडीन’ असे तो म्हणतो तेव्हाच त्याला स्वतःच्या कर्जाचा अंदाज आलेला नाही, हे उघड होते. धन्याने सर्व सोडून दिले. बाहेर येताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबतीच्या दासाची नरडी धरली. शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हती. ती तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी होती. आपल्याला झालेली इजा खरी आणि मोठी असू शकते, हे येशू नाकारत नाही. क्षमा करणे म्हणजे इजा करणाऱ्याच्या तावडीत परत जाणे, असेही त्याने म्हटलेले नाही. छळ सोसणाऱ्यांवर ‘क्षमा कर आणि गप्प राहा’ असा दबाव आणणे हा या दाखल्याचा गैरवापर आहे.

माझ्या वाट्याला दुःखच आले आहे. याचा अर्थ देवाची कृपा माझ्यावर नाही असा होतो का?

पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक यातना, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे शब्द त्याला काटा शरीरात असतानाच मिळाले. सुखाची मोजपट्टी कृपेला लावता येत नाही.

देवाने मला निवडले आहे की नाही, हे मला कसे कळेल?

हा प्रश्न रात्री झोप उडवणारा असू शकतो, आणि पूर्वनियोजनाचा कट्टर पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅल्व्हिनला (१५०९–१५६४) हे चांगले ठाऊक होते. देवाच्या गुप्त निर्णयात डोकावण्याचा प्रयत्न करणारा चक्रव्यूहात हरवतो, असे त्याने बजावले, आणि ख्रिस्त हाच आपल्या निवडीचा आरसा आहे, असे सांगितले. म्हणजे स्वतःच्या अंतःकरणाचे पुन्हा पुन्हा उत्खनन करून पुरावा शोधायचा नाही. ख्रिस्ताने काय म्हटले ते ऐकायचे. जो माझ्याकडे येतो त्याला मी कधीच घालवून देणार नाही, असे त्याने म्हटले आहे, आणि ते वाक्य पित्याने दिलेल्यांविषयीच्या वचनातच आहे. निवड आणि आमंत्रण त्याने एकत्रच ठेवले. आपण ते तोडू नये.

सर्व देवाच्या इच्छेवर आहे, तर दुसऱ्यासाठी प्रार्थना कशाला करायची?

रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय लिहिणारा पौल १०व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात सांगतो की इस्राएलाचे तारण व्हावे अशी माझी मनीषा आणि देवाजवळ विनंती आहे. दोन्हींत त्याला विसंगती दिसली नाही. देव दया करण्यास स्वतंत्र नसता, प्रत्येकाला केवळ त्याच्या लायकीप्रमाणे देण्यास बांधलेला असता, तर प्रार्थनेला काही अर्थच उरला नसता. हिशेबापुढे विनवणी चालत नाही.

मोशेनेही असेच केले. हे लोक ताठ मानेचे आहेत म्हणून मी तुमच्याबरोबर येणार नाही, असे परमेश्वराने निर्गमच्या ३३व्या अध्यायात म्हटले होते. मग त्याने आपले नाव घोषित केले, आणि मोशेने लगबगीने भूमीपर्यंत लवून विनंती केली की प्रभूने आमच्याबरोबर चालावे. तसे करताना त्याने लोकांची बाजू सावरली नाही, त्यांच्या बदललेल्या वागणुकीचा हवाला दिला नाही. हे लोक ताठ मानेचे आहेत, हेच त्याने पुन्हा सांगितले, आणि त्याच वाक्यात त्यांच्यासाठी क्षमा मागितली.